प्राणवायू परत येतो तेव्हा

२३ डिसेंबर १९५४. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात शेजारशेजारच्या दोन शस्त्रक्रियागृहांत तेवीस वर्षांचे दोन जुळे भाऊ टेबलावर होते. एका खोलीत डॉ. हार्टवेल हॅरिसन यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी काढली. दुसऱ्या खोलीत डॉ. जोसेफ मरे यांनी त्याचा भाऊ रिचर्ड याच्या ओटीपोटात तिच्यासाठी जागा करून रक्तवाहिन्या तयार ठेवल्या होत्या. ओल्या कापडात गुंडाळलेली ती किडनी डॉ. फ्रान्सिस मूर यांनी एका भांड्यातून या खोलीतून त्या खोलीत नेली. धमनी जोडली, शीर जोडली, चिमटे काढले. फिकट पडलेली किडनी बघता बघता गुलाबी झाली आणि तिच्यातून लघवी येऊ लागली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. रुग्णालयात त्याची देखभाल करणाऱ्या परिचारिकेशी त्याने लग्न केलं आणि दोन मुलांचा बाप झाला.

या शस्त्रक्रियेच्या नोंदीत एक आकडा आहे: किडनी ८२ मिनिटं रक्ताविना होती. रक्त तुटलं की अवयव खराब होत जातो, हे शल्यविशारदांना ठाऊक होतं. पण त्या दिवसांत सगळ्यांना छळणारा प्रश्न दुसराच होता. एकाचा अवयव दुसऱ्याचं शरीर का नाकारतं? हेरिक बंधू एकसारखे जुळे होते, म्हणून तो प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवलाच नाही. खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी दोघांच्या बोटांचे ठसे पोलिसांकडून तपासून घेतले होते, एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर लावून ती टिकते का हेही पाहिलं होतं.

किडनी प्रत्यारोपणाचा इतिहास आपण बहुधा या एकाच प्रश्नाचा इतिहास म्हणून वाचतो: शरीराने परकं ओळखलं, माणसाने ती ओळख औषधांनी बोथट केली. पण त्याच काळात, त्याच अवयवात आणखी एक कथा घडत होती. ती होती प्राणवायूची. ज्याच्यामुळे किडनी जगते, तोच तिला इजाही करतो. या दोन कथा सोबत ठेवून वाचल्या तरच रिजेक्शन थांबवणारी औषधं किडनीलाच का झिजवतात, आणि रुग्णाला आयुष्यभर डोस इतका तोलून का घ्यावा लागतो, हे उमगतं.

परकेपणाचा पुरावा

शरीर परका अवयव ठरवून, शिकून नाकारतं, हे सिद्ध झालं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. भाजलेल्या सैनिकांना आणि नागरिकांना त्वचारोपणाची नितांत गरज होती. प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावार ऑक्सफर्डहून ग्लासगोला गेले आणि तिथल्या रॉयल इन्फर्मरीत शल्यविशारद थॉमस गिब्सन यांच्यासोबत काम करू लागले. गंभीर भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर त्यांनी तिच्या भावाच्या त्वचेचे बारीक तुकडे लावले. ते काही दिवस टिकले आणि गळून पडले. काही दिवसांनी त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. शरीराने त्या भावाला लक्षात ठेवलं होतं. १९४३मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गोवर एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखतं, तसंच इथे घडत होतं, म्हणजे हा सगळा प्रतिकारशक्तीचा खेळ होता. हे कळल्यावर प्रतिकारशक्ती दाबायची कशी, एवढंच काम उरलं.

पहिला उपाय भयंकर होता. १९५८पासून बॉस्टनमध्ये रुग्णाच्या संपूर्ण शरीरावर किरणांचा मारा करून प्रतिकारशक्ती नेस्तनाबूत करण्याचे प्रयोग झाले. अशा बारा रुग्णांपैकी अकरा दगावले. जो एक वाचला त्याला त्याच्या जुळ्या, पण एकसारख्या नसलेल्या भावाची किडनी मिळाली होती. किडनी टिकवण्यासाठी माणूसच संपवायचा असा तो सौदा होता, आणि ते करणाऱ्या डॉक्टरांनाही ते असह्य होतं.

टक्काहोची प्रयोगशाळा

वाट निघाली ती न्यूयॉर्कजवळच्या टक्काहो या गावातल्या बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेतून. तिथे जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन काम करत होते. एलियन यांनी पीएचडी कधी पूर्ण केली नाही. बाई म्हणून अनेक प्रयोगशाळांची दारं त्यांना बंद होती. आजोबांचा कर्करोगाने झालेला मृत्यू पाहून त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली होती. पेशी विभागताना तिला डीएनए बनवायला प्यूरिन नावाचे घटक लागतात. दिसायला प्यूरिनसारखा, पण पेशीचं काम अडवणारा रेणू बनवायचा, ही त्या दोघांची कल्पना होती. त्यातून ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध तयार झालं. ल्युकेमिया झालेल्या मुलांसाठी ते १९५३पासून वापरात आलं.

१९५९मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक यांनी दाखवलं की हे औषध दिलेले ससे परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत नाहीत. लंडनमधला तरुण शल्यविशारद रॉय काल्न याने ते वाचलं, कुत्र्यांवर किडनीचे प्रयोग केले, आणि किडन्या टिकू लागल्या. १९६०मध्ये अमेरिकेत मरे यांच्याकडे शिकायला जाताना तो वाटेत टक्काहोला थांबला. एलियन आणि हिचिंग्ज यांनी त्याला त्याच औषधाचे आणखी काही भाईबंद दिले. त्यातल्या एकाचं नाव पुढे अझाथायोप्रिन पडलं. एप्रिल १९६२मध्ये बॉस्टनमध्ये एका तरुणाला मृत दात्याची, म्हणजे नात्यागोत्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाची किडनी बसवली गेली. अझाथायोप्रिनच्या आधाराने ती वर्षाहून अधिक काळ चालली. पाठोपाठ डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी अझाथायोप्रिनसोबत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि सुरू झालेलं रिजेक्शन परतवता येतं, हे १९६३मध्ये दाखवलं. या जोडगोळीवर प्रत्यारोपणाची पुढची वीस वर्षं चालली.

भारतातले पहिले प्रयत्नही याच काळातले. १९६५मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण झालं. रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली, आणि आपल्याकडे हे उपचार खऱ्या अर्थाने रुजायला सुरुवात झाली.

टक्काहोमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती या सगळ्या इतिहासाचा सांधा वाटते. ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात फार लवकर मोडून जात असे. ते मोडणारं एन्झाइम होतं झँथिन ऑक्सिडेज. शरीरातल्या प्यूरिनचं युरिक ॲसिड करण्याचं काम याच एन्झाइमचं. औषध जास्त वेळ टिकावं म्हणून एलियन आणि हिचिंग्ज यांनी या एन्झाइमला अडवणारा रेणू शोधला, त्याचं नाव अॅलोप्युरिनॉल. कर्करोगात त्याचा अपेक्षित फायदा झाला नाही, पण युरिक ॲसिड कमी होतं हे दिसल्यावर १९६६मध्ये ते गाऊट या सांध्यांच्या आजाराचं औषध म्हणून बाजारात आलं. आजही किडनी बसवलेल्या रुग्णाचे सांधे सुजले आणि तो अझाथायोप्रिनवर असेल, तर डॉक्टर अॅलोप्युरिनॉल लिहिताना दहादा विचार करतात. कारण एन्झाइम बंद पडलं की अझाथायोप्रिनचा अंश रक्तात साठतो आणि अस्थिमज्जाच बसू शकते.

दुधातलं एन्झाइम आणि एक अनोळखी प्रथिन

झँथिन ऑक्सिडेज गाईच्या दुधात भरपूर असतं, म्हणून प्रयोगशाळांना ते सहज मिळे. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात आयर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी जो मॅककॉर्ड याच एन्झाइमचा अभ्यास करत होते. हे एन्झाइम काम करताना ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवतं, हे त्यांच्या लक्षात आलं. असा ऑक्सिजन, म्हणजे सुपरऑक्साइड, बेचैन असतो. तो आणि त्याच्यापासून बनणारे कण समोर येईल त्या रेणूशी झोंबतात. पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिनं, डीएनए, काहीच त्यांना वर्ज्य नसतं. अशा कणांना आपण मुक्त मूलकं म्हणतो. ती तयार होण्याचा वेग त्यांना निवळवण्याच्या क्षमतेपेक्षा वाढला, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

मॅककॉर्डला मात्र एक अडथळा येत होता. काही नमुन्यांमध्ये सुपरऑक्साइड तयार होताच नाहीसं होत होतं. कारण शोधता शोधता तो एका तांबेयुक्त प्रथिनापाशी पोचला. गाईच्या रक्तातून ते १९३८मध्येच वेगळं केलेलं होतं, पण तीस वर्षं त्याचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं. ते सुपरऑक्साइडला निष्प्रभ करत होतं. १९६९मध्ये त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव मिळालं. ज्याअर्थी जवळजवळ प्रत्येक श्वास घेणाऱ्या जिवाकडे हे प्रथिन आहे, त्याअर्थी ऑक्सिजनचा धोका रोजचा आहे आणि त्याच्यापासून बचाव करायची तयारीही रोज करावी लागते, हा त्या शोधाचा अर्थ होता.

ऑक्सिजनच्या अभ्यासकांचं आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांचं जग तेव्हा एकमेकांपासून लांब होतं. प्रत्यारोपणाच्या जगाचं लक्ष त्याच सुमारास नॉर्वेतल्या मुठीभर मातीकडे वळणार होतं.

हार्डांगरव्हिडाची माती

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ कंपनीत एक पद्धत होती: कर्मचाऱ्यांनी सुट्टीवर जाताना सोबत पिशव्या न्यायच्या आणि जिथे जातील तिथली माती आणायची. त्या मातीतल्या बुरशांमधून नवी प्रतिजैविकं मिळतील ही आशा. १९६९मध्ये हान्स पीटर फ्रे नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावर गेला आणि माती घेऊन आला. तिच्यातल्या एका बुरशीने बनवलेला पदार्थ बुरशीनाशक म्हणून विशेष कामाचा ठरला नाही. तो बाजूला पडायचा. पण कंपनीने प्रतिकारशक्तीवरच्या परिणामाची तपासणीही सुरू केली होती, आणि जानेवारी १९७२मध्ये जाँ-फ्रांस्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की उंदरांमध्ये हा पदार्थ प्रतिपिंडं बनू देत नाही, तरीही अस्थिमज्जेला हात लावत नाही. तोवरची औषधं विभागणाऱ्या सगळ्याच पेशींना मारायची. हे औषध लिम्फोसाइटना, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, फक्त गप्प करत होतं. त्याचं नाव सायक्लोस्पोरिन.

पाण्यात ते विरघळत नसे. केंब्रिजमध्ये काल्न यांच्या विभागात आलेला ग्रीक शल्यविशारद अल्किस कोस्ताकिस याने ते ऑलिव्हच्या तेलात विरघळवून उंदरांना दिलं आणि बसवलेली हृदयं दीर्घकाळ धडधडत राहिली. उंदीर, कुत्रे, डुकरं, सगळीकडे निकाल इतके चांगले आले की १९७८मध्ये काल्न यांनी मृत दात्याची किडनी बसवलेल्या सात रुग्णांना ते दिलं. डोस होता शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २५ मिलिग्रॅम. आजचा नेफ्रॉलॉजिस्ट हा आकडा वाचून दचकेल.

प्राण्यांमध्ये जे दिसलं नव्हतं ते माणसांमध्ये दिसलं. किडनीवर रिजेक्शनची खूण नाही, तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण, चढतं. डोस कमी केला की उतरतं. किडनी वाचवायला दिलेलं औषधच किडनीला बाधत होतं. तरीही फायदा नाकारण्याजोगा नव्हता. १९८३मध्ये युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीचा एक वर्षाचा निकाल आला: जुन्या औषधांवर ५२ टक्के किडन्या चालू होत्या, सायक्लोस्पोरिनवर ७२ टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. हजारो कुटुंबांना या औषधाने आई, बाप, मूल परत दिलं. भारतात ते आलं तेव्हा त्याची किंमत अनेकांना पेलवत नसे. पहिलं वर्ष कसंबसं काढून कित्येक रुग्ण पुन्हा स्वस्त अझाथायोप्रिनवर येत.

बसवलेल्या किडनीत बिघाड झाला की तो औषधाने झाला की रिजेक्शनने, हे ओळखणं कठीण. या कोड्याचं उत्तर हृदयाने दिलं. स्टॅनफर्डमध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन मिळत होतं. त्यांच्या किडन्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, तिथे रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता. १९८४मध्ये मायर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्षाहून जास्त काळ हे औषध घेतलेल्यांच्या किडनीची गाळण्याची क्षमता अझाथायोप्रिनवरच्या रुग्णांच्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. आता शंकेला जागा उरली नाही.

सूक्ष्मदर्शकाखालचे पट्टे

अशा किडनीचा बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पट्टे दिसतात. निरोगी नलिकांच्या ओळी, मग व्रण होऊन आक्रसलेल्या उतीचा पट्टा, पुन्हा निरोगी ओळी. हे पट्टे उगीच पडत नाहीत. किडनीतल्या लाखो गाळण्यांना रक्त पोचवणाऱ्या अगदी बारीक धमन्या असतात, आणि सायक्लोस्पोरिन त्यांना आकुंचित करतं. जी धमनी जास्त आवळली, तिच्या पलीकडचा पट्टा रक्ताला आणि ऑक्सिजनला मुकतो. किडनीचा आतला भाग निरोगी माणसातही कमी ऑक्सिजनवर जगत असतो. तिथे थोडी तूटही भोवते. आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा कारभार बिघडतो, इलेक्ट्रॉन भलतीकडे गळतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. औषध पेशींमध्ये थेटही मुक्त मूलकं वाढवतं. त्यांच्या माऱ्याने पेशी मरतात, उरलेल्या पेशी व्रण भरण्याचे संदेश सोडतात आणि नाजूक उतीच्या जागी निबर तंतू येतात. उंदरांना सायक्लोस्पोरिनसोबत ई जीवनसत्त्व दिल्यावर हे नुकसान कमी झालेलं दिसलं, तेव्हा या साखळीत ऑक्सिजनचा हात आहे, याला बळ मिळालं.

औषध लिम्फोसाइटला गप्प कसं करतं हेही पुढे उलगडलं. कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम ते अडवतं, हे १९९१मध्ये स्पष्ट झालं. १९८४मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतून सापडलेलं टॅक्रोलिमस, जे आज भारतात किडनी बसवलेले बहुतेक रुग्ण सकाळ-संध्याकाळ घेतात, तेही याच कॅल्सिन्युरिनला अडवतं. पण कॅल्सिन्युरिन फक्त लिम्फोसाइटमध्ये नसतं, किडनीतही असतं. म्हणून टॅक्रोलिमसलाही हा दोष पूर्ण टाळता आलेला नाही, जरी त्यातून होणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सायक्लोस्पोरिनपेक्षा कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं.

म्युनिकमधली दोनशे मिलिग्रॅम

एलियन यांचं एन्झाइम आणि मॅककॉर्ड यांचा ऑक्सिजन एकत्र आले १९८०च्या दशकात. रक्त तुटलेल्या अवयवात पेशीचं ऊर्जेचं चलन, म्हणजे एटीपी, मोडत जातं आणि हायपोझँथिन साठतं. झँथिन ऑक्सिडेजला तेच खाद्य लागतं, पण काम करायला ऑक्सिजनही लागतो, आणि तो तर नाही. मग शल्यविशारद चिमटा काढतो, ताजं रक्त आत धावतं, आणि घरात गॅस साठलेला असताना कुणी काडी ओढावी तसं होतं. क्षणार्धात मुक्त मूलकांचा लोंढा उसळतो. मॅककॉर्ड यांनी १९८५मध्ये ही मांडणी डॉक्टरांपुढे ठेवली: इजा फक्त रक्त तुटल्याने होत नाही, ते परत आल्यानेही होते.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी त्याच सुमारास अवयव थंड ठेवण्यासाठी एक नवं द्रावण तयार केलं. त्यात इतर घटकांबरोबर ग्लुटाथायोन हे शरीरातलंच ऑक्सिडीकरण-रोधक होतं, आणि होतं अॅलोप्युरिनॉल. कर्करोगाचं औषध टिकवण्यासाठी शोधलेला, गाऊटच्या रुग्णांना दिला जाणारा तो रेणू आता दात्याच्या किडनीसोबत बर्फाच्या पेटीत प्रवास करू लागला. अझाथायोप्रिन आणि अॅलोप्युरिनॉल ही एकाच प्रयोगशाळेतली भावंडं. एकाने शरीराला परकं विसरायला लावलं, दुसरं प्राणवायूच्या परतीचा घाव हलका करायला कामी आलं. एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८मध्ये नोबेल मिळालं.

पण सर्वांत धाडसी प्रयोग म्युनिकमध्ये झाला. वॉल्टर लँड आणि सहकाऱ्यांनी मृत दात्याची किडनी बसवताना काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या टेबलावरच शिरेतून २०० मिलिग्रॅम सुपरऑक्साइड डिसम्युटेज दिलं, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण. सगळे सायक्लोस्पोरिनवर होते. कुणाला काय दिलं हे रुग्णाला माहीत नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. अपेक्षा अशी होती की किडनी लवकर कामाला लागेल. तसा फरक पडला नाही. दिसलं ते वेगळंच. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, ज्यांना एन्झाइम दिलं होतं त्यांच्यापैकी १८.५ टक्क्यांना तीव्र रिजेक्शन झालं, बाकीच्यांपैकी ३३.३ टक्क्यांना. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या ७४ टक्के किडन्या चालू होत्या, दुसऱ्या गटातल्या ५२ टक्के.

हा निकाल दोन्ही कथांना एका गाठीत बांधतो. ऑक्सिजनची इजा कमी केली आणि रिजेक्शन कमी झालं! लँड यांनी अर्थ लावला, की शरीर अवयव फक्त परका आहे म्हणून हल्ला करत नाही. तो जखमी आहे, म्हणूनही त्याचं लक्ष वेधलं जातं. मरणाऱ्या पेशींमधून बाहेर पडणारे रेणू प्रतिकारशक्तीला हाकारतात. त्याच वर्षी अमेरिकेत पॉली मॅट्झिंगर यांनी स्वतंत्रपणे हाच विचार व्यापक रूपात मांडला: प्रतिकारशक्तीला आपलं-परकं यापेक्षा धोका आहे की नाही, हे जास्त कळतं. मेडावार यांच्या परकेपणाच्या सिद्धांताला यामुळे धक्का लागला नाही, पण तो अपुरा होता हे दिसलं. आता १९५४कडे मागे वळून पाहता येतं. हेरिक बंधूंच्या किडनीलाही ती ८२ मिनिटं सोसावी लागली. हाक गेलीच असेल, पण त्या शरीराला तिथे परकं असं काही सापडलं नाही.

इतिहासाने हाती दिलेलं

म्युनिकचं ते इंजेक्शन रोजच्या उपचारात आलं नाही. मुक्त मूलकांचं मूळ समजलं होतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं. २०१४मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की रक्ताविना असलेल्या उतीत सक्सिनेट नावाचं रसायन साठतं, आणि रक्त परतताच मायटोकाँड्रियात ते झपाट्याने जळून मुक्त मूलकं उसळवतं. म्हणजे झँथिन ऑक्सिडेज एकटं गुन्हेगार नव्हतं. ऑक्सिडीकरण-रोधक गोळ्यांनी बसवलेल्या किडनीचं आयुष्य वाढतं, याचाही पक्का पुरावा अजून हाती नाही.

तरी या इतिहासाने उपचार बदलले. २००३मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी १२० रुग्णांच्या ९६१ बायोप्सींवरून दहा वर्षांचा लेखाजोखा मांडला, तेव्हा दहाव्या वर्षापर्यंत कॅल्सिन्युरिन अडवणाऱ्या औषधांमुळे झालेल्या झिजेच्या खुणा जवळपास प्रत्येक किडनीत दिसल्या. २००७मध्ये १,६४५ रुग्णांच्या चाचणीत चार प्रकारच्या उपचारांची तुलना झाली. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध आणि स्टेरॉइड यांच्या सोबतीने टॅक्रोलिमसचा कमी डोस सर्वांत सरस ठरला. रिजेक्शन कमी आणि किडनीचं कामही चांगलं. तीस वर्षांत डॉक्टर पंचवीस मिलिग्रॅमच्या जमान्यातून 'पुरेसं, पण त्याहून एक कणही जास्त नको' इथवर आले. मात्र डोस वाट्टेल तसा उतरवताही येत नाही. औषध कमी पडलं किंवा गोळ्या चुकल्या, तर शरीर दात्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि आज उशिरा निकामी होणाऱ्या किडन्यांमागे हे फार मोठं कारण आहे. या दोन कड्यांच्या मधल्या अरुंद वाटेवर रुग्ण रोज चालतो. टॅक्रोलिमसची 'लेव्हल' करायला सकाळी गोळी न घेता रक्त द्यायचं, आकडा पाहून अर्धा मिलिग्रॅम वर-खाली करायचा, घड्याळ लावून बारा तासांनी पुढची गोळी घ्यायची. बाहेरून कंटाळवाण्या दिसणाऱ्या या शिस्तीमागे सत्तर वर्षांचं ज्ञान आणि किरणांच्या खोलीत दगावलेल्या माणसांचं मोल आहे.

म्हणूनच 'इम्युनिटी वाढवायला' शेजाऱ्याने सांगितलेला गुळवेलीचा काढा किंवा मनानेच घेतलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या पाहिल्या की जीव कासावीस होतो. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती जाणीवपूर्वक खाली ठेवलेली असते. तिला चेतवणं म्हणजे किडनीवर सोडणं. शिवाय अनेक पदार्थ औषधं मोडणारी यकृतातली यंत्रणा मंद किंवा वेगवान करतात आणि लेव्हल बिघडवतात. नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही, या एका नियमाने कितीतरी किडन्या वाचतात.

आणि आपल्या सगळ्यांच्या हाती असलेली गोष्ट वेळेची आहे. अवयव रक्ताविना जितका कमी वेळ राहील, तितकी परतीच्या प्राणवायूची इजा कमी आणि शरीराला जाणारी हाक मंद. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांचे लोक मध्यरात्री फोन फिरवतात, वाहतूक पोलीस ग्रीन कॉरिडॉर करून रस्ते मोकळे ठेवतात, ते या तासांसाठी. प्रवासाचा वेळ रस्त्यावर वाचतो, पण निर्णयाला लागणारा वेळ घरात ठरतो. मेंदूमृत माणसाच्या नातेवाइकांना दुःखाच्या भरात पहिल्यांदाच हा विषय ऐकावा लागला, तर होकार असो वा नकार, तो ओझं होऊन बसतो. आपली इच्छा घरच्यांना आधी सांगून ठेवलेली असेल, तर त्यांना ते ओझं एकट्याने उचलावं लागत नाही. औषधं शास्त्रज्ञांनी शोधली, डोस डॉक्टर तोलतील, गोळ्या रुग्ण वेळेवर घेईल. घरात हा विषय काढणं मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला, धडधाकट असतानाच, करता येण्यासारखं आहे, आणि ते करायला हवं.